वरचा झिरा

१

आम्ही जांभूळदऱ्याला पोचलो तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला बन्सीची तिरडी बांधायचं काम चाललं होतं, आणि तिथून हाकेच्या अंतरावर गावानं आपला कंपाउंडर चिंचेच्या झाडाला बांधून ठेवला होता. दोन्हीकडे तीच माणसं होती. इकडे सुतळीची गाठ मारायची, मग तिकडे जाऊन एक ठोसा लगावायचा आणि परत तिरडीला हात लावायला यायचं. दुःख करायची ही तऱ्हा मला नवी नव्हती, तरी माझ्या मस्तकात तिडीक गेली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, म्हणजे मोठ्या दुष्काळाचा. मी तेव्हा जामखेड तालुक्यात फौजदार होतो. खर्ड्याहून आत, नदीकाठी हे लहानसं गाव. नदी म्हणायची एवढंच, होता तो नुसता वाळूचा पट्टा. गावची विहीर दिवाळीतच आटली होती आणि लोक नदीच्या वाळूत खड्डा खणून त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत होते. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. वरच्या आळीचा झिरा वेगळा, खालच्या आळीचा वेगळा. पाणी आटलं होतं, आळ्या आटल्या नव्हत्या.

त्या पाण्यानं गावात मुदतीचा ताप शिरला होता. शहाणी माणसं त्याला विषमज्वर म्हणतात. त्यावर सरकारी दवाखान्यात कॅप्सूल मिळायची आणि ती घेतली की माणूस हमखास उठून बसायचा. इथं मात्र वरच्या आळीत माणसामागून माणूस चाललं होतं.

सरपंच आप्पासाहेबांनी मला बाजूला घेतलं. गडी तालेवार, आवाज त्याहून मोठा. पण त्या दिवशी ते हळू बोलले, आणि जे बोलले ते मला पटलं.

"सायेब, ह्यो मच्छिंद्र कंपाउंडर खालच्या आळीचा हाय. कपाट एक, औषद एक, देनारा हात एक. खालच्या आळीची मान्सं उठून कामावर जात्यात आन आमची तिरडीवर. गोळीला आळी कळती व्हय? त्यानं आमाला पीठ भरून दिलं आन खरं औषद इकलं."

माझ्याबरोबर जीपमध्ये डॉक्टर प्रेमला मुळे होत्या. नगरच्या प्रयोगशाळेत रोगजंतू तपासणाऱ्या, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. तापाची चौकशी करायला त्यांना धाडलं होतं.  आता त्या सरळ चिंचेकडे गेल्या आणि दोर सोडायला सांगितला. कुणी हललं नाही, तेव्हा स्वतःच गाठ सोडवायला लागल्या. बाईमाणसाच्या अंगाला हात कसा लावायचा या पेचात गर्दी मागे सरली.

मच्छिंद्रच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. वय असेल पंचविशीचं. डॉक्टरबाईंनी त्याला एकच विचारलं, की कपाटातला औषधाचा साठा बरोबर आहे ना.

त्याचं सुटणं त्या उत्तरावर अवलंबून होतं, हे त्यालाही कळत होतं. तो खाली बघत म्हणाला, "न्हाई बाई. तापाच्या कॅप्सूल कमी हायेत."

२

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पत्र्याचं कपाट. डॉक्टरची जागा रिकामी होती, त्यामुळे सगळा कारभार मच्छिंद्रचा आणि तिथल्या आया मुक्ताबाईंचा. झाडलोट, पाणी गरम करणं, सुया उकळणं, बाळंतिणीला धीर देणं, सगळं मुक्ताबाई करायच्या. साठीच्या, वाळक्या, कपाळभर कुंकवाच्या जागी नुसतं गोंदण. मच्छिंद्र त्यांना मावशी म्हणायचा आणि जेवायलाही त्यांच्याकडेच असायचा. त्याची जखम त्याच पुसत होत्या. गावाला त्या जे काय बोलत होत्या ते मी इथं लिहीत नाही.

डॉक्टरबाईंनी कपाटातली एक कॅप्सूल काढली, तिची टोपी उपटली आणि आतली पांढरी पूड जिभेवर ठेवली. मग मलाही चाखायला दिली. असलं कडू मी जन्मात खाल्लं नव्हतं. घशाशी जे बसलं ते तांब्याभर पाणी पिऊनही जाईना. पीठ नव्हतं हे, एवढं नक्की.

मी म्हटलं, आम्ही येणार हे कळल्यावर त्यानं खऱ्या आणून ठेवल्या असतील. चोर इतका तरी हुशार असतोच. बाईंना ते पटलं असावं, कारण त्या लगेच उठून बन्सीच्या घरी निघाल्या. अंगणातून तिरडी नुकतीच उचलली होती आणि आम्ही त्या माउलीला गोळ्या मागायला गेलो. पोलिसाची कातडी जाड असते म्हणतात, पण मला दाराच्या आत पाऊल टाकवेना.

बन्सीची आई बनुबाई. तिनं देव्हाऱ्यातून दोन कॅप्सूल काढून दिल्या. त्या पोराच्या तोंडात घालायच्या आतच त्यानं डोळे फिरवले होते, आणि फेकून द्यायला हात धजेना म्हणून तिनं देवापाशी ठेवल्या होत्या. बाईंनी तिच्या देखत त्यातली एक फोडली आणि चाखली. त्यांचा चेहरा उतरला.

"हीसुद्धा खरीच आहे," त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या. "फौजदारसाहेब, या मुलाला खरं औषध मिळालं, वेळेवर मिळालं, पुरेसं मिळालं. तरी तो गेला. असं होत नाही."

३

मग मी माझ्या पद्धतीनं माणसं बोलवायला सुरुवात केली. कॅप्सूल खऱ्या असल्या तरी कपाटातून कमी झाल्या होत्या, आणि कमी झालेली वस्तू कुठंतरी जातेच.

पहिल्यांदा धरला सहादेवला. हा खर्ड्याहून सायकलवर यायचा आणि गावोगाव सुया टोचायचा. शिक्षण चौथी, गळ्यात डॉक्टरी नळी. सरकारी औषध फसलं की याचा धंदा वाढणार हे उघड होतं. पण त्याच्या पिशवीत निघालं काय, तर मिठाचं पाणी आणि लाल रंगाचं टॉनिक. कॅप्सूल त्याला हवीच कशाला? लोकांना सुई लागते, गोळीवर त्यांचा विश्वास नाही, असं त्यानंच मला समजावून सांगितलं. त्याला चार शिव्या घालून मी सोडून दिला.

दुसरे आप्पासाहेब. बाहेर गरजणारे सरपंच आत आल्यावर जरा घुटमळले. शेवटी कबूल झाले की त्यांच्या वासराला हगवण लागली तेव्हा त्यांनी मच्छिंद्रकडून मूठभर कॅप्सूल दमदाटीनं नेल्या होत्या. वासरू जगलं. ज्याला चोर म्हणून बांधला त्याच्याकडूनच चोरीचा माल नेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं, किंवा आलं होतं म्हणूनच ते सगळ्यांत जोरानं ओरडत होते. पण एका वासरानं एवढी घट भरून निघत नव्हती.

खालच्या आळीत डॉक्टरबाई एकट्याच गेल्या. तिथं भागूबाई म्हणून एकीला तोच ताप आला होता आणि त्याच कॅप्सूलनं ती उठली होती. आता दुष्काळी कामावर खडी फोडत होती. गोळीला आळी कळत होती, यात शंका नव्हती.

राहिला मच्छिंद्र. मी त्याला दरडावून, चुचकारून, सगळ्या तऱ्हेनं विचारलं, की कपाटाची किल्ली तुझ्याशिवाय कुणाकडे असते. तो म्हणाला, मोजण्यात माझीच चूक झाली असेल. गावानं कान फोडला त्या माणसाला खोटं बोलायचं काय कारण होतं? त्याच्या त्या उत्तराचा मला इतका राग आला, की मीही हात उगारला होता.

दुपारी मुक्ताबाईंनी आम्हांला घरी नेलं. एक खोली, तीत त्या आणि त्यांची नात साळू. साळूची आई, म्हणजे मुक्ताबाईंची एकुलती लेक, विहीर आटली तेव्हा पहिल्यांदा जो ताप आला त्यात गेली होती. त्या वेळी दवाखान्यात कॅप्सूलच नव्हत्या. आल्या तेव्हा लेकीचा दहावा होता. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. जावई कुठं परागंदा झाला ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या घरात आता म्हातारीला ती पोर आणि पोरीला ती म्हातारी, एवढंच उरलं होतं.

साळू उंबऱ्यापाशी भातुकली मांडून बसली होती. करवंट्यांची भांडी, खापरीचा तवा, आणि पाहुण्यांना पाणी द्यायला करंगळीच्या पेराएवढे, चकचकीत, गोल बुडाचे पेले. मलाही तिनं एक दिला. मी रिकामा पेला पिऊन ढेकर दिली आणि ती खुदकन हसली.

मुक्ताबाईंनी गूळपाणी दिलं. उन्हातून आलेल्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, ही आमच्या भागातली रीत. पाणी जरासं कडवट लागलं. मला वाटलं, सकाळची ती पूडच अजून घशाशी असेल. डॉक्टरबाईंनी मात्र गुळाला हात लावला नाही. त्यांनी चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात घोळवलं, गिळलं, आणि आणखी मागितलं.

"हे पाणी कोणत्या झिऱ्याचं?" त्यांनी विचारलं.

"वरच्या," मुक्ताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी दोन्ही झिऱ्यांच्या काठची वाळू बाटल्यांत भरून घेतली. तापकऱ्यांचं रक्तही घेतलं. मला वाटलं, बाईला ऊन लागलं. माणसं मरताहेत आणि ही वाळू गोळा करतेय. मच्छिंद्रला मी तालुक्याच्या ठाण्यात नेऊन ठेवला, कारण गाव त्याला जिवंत ठेवील याची मला खात्री नव्हती.

४

आठवड्यानं डॉक्टरबाईंचा नगरहून फोन आला. म्हणाल्या, मच्छिंद्रला सोडा आणि मला गावात घेऊन चला. त्याच सकाळी जांभूळदऱ्याहून निरोप आला होता, की साळूला ताप भरलाय.

आम्ही नदीच्या दरडीवर उभे राहिलो. खाली वाळूत बायका रांगेनं बसल्या होत्या. झिऱ्यात वाटीभर पाणी साचलं की एकीनं भरायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं. बाईंनी मला समजावलं ते असं.

वाळू मेलेली नसते. तिच्या ओलाव्यात असंख्य जंतू राहतात, बहुतेक बिनकामाचे. खालच्या झिऱ्याच्या वाळूतले जंतू त्यांनी औषध घातलेल्या काचेच्या बशीत वाढवायचा प्रयत्न केला, ते मेले. वरच्या झिऱ्याच्या वाळूतले त्याच औषधात मजेत वाढले. आणि वरच्या आळीतल्या तापकऱ्यांच्या रक्तातले जंतूही तसेच वाढले. गोळीला आळी कळत नव्हती. आळीच्या जंतूला गोळी कळली होती.

मी विचारलं, जंतूला कसं कळणार?

"तुम्ही पोराला रोज थोडं थोडं मारलंत तर काय होतं?" त्या म्हणाल्या. "कोडगं होतं. मग कितीही मारा, त्याला काही वाटत नाही. या वाळूत कुणीतरी रोज थोडं थोडं औषध टाकतंय. मरायचे ते जंतू मेले, कोडगे तेवढे उरले, आणि त्यांनी तो कोडगेपणा तापाच्या जंतूंनाही शिकवला. कपाटातून गेलेल्या कॅप्सूल इथं आहेत, फौजदारसाहेब. या पाण्यात. म्हणून ते कडू लागतं."

 विहिरीत विष कालवणारे मी पाहिले होते, पण औषध कालवून माणसं मारणारा हा कोण? सहादेव, मी म्हटलं. सरकारी औषध कायमचं निकामी झालं की मैदान त्याचंच. नाहीतर आप्पासाहेब, कुणाशी तरी वैर धरून. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"सहादेवला एवढी अक्कल असती तर त्यानं दुसरा धंदा केला असता. आणि सरपंच स्वतः हेच पाणी पितात." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्या दिवशी ज्या पेल्यातून लुटूपुटूचं पाणी प्यायलात, तो आठवतोय? ते कॅप्सूलचं अर्धं टरफल होतं. पोरीकडे भातुकलीचा सबंध सेट होता. रोग्यानं घेतलेल्या कॅप्सूलचं टरफल उरत नाही, ते पोटात जातं. पूड काढून घेतली तरच उरतं. आणि किल्ली कुणाकडे असते ते मच्छिंद्रनं कान फुटला तरी सांगितलं नाही. त्याला कोण जेवायला घालतं?"

मला उत्तर ठाऊक होतं. 

५

पहाटे आम्ही झिऱ्यापाशी गेलो. मुक्ताबाई आमच्या आधी आल्या होत्या.

पाण्यात आसरा राहतात, असं आमच्याकडे मानतात. पाण्याच्या देवता त्या. झिरा खणला की त्यांची पूजा करायची आणि रोज पहिलं पाणी घ्यायच्या आधी हळदकुंकू वाहायचं, ही चाल. वरच्या आळीनं तो मान मुक्ताबाईंना दिला होता, कारण त्यांच्या लेकीचा जीव त्या पाण्यापायी गेला होता. त्यांचं होईपर्यंत दुसरी बाई झिऱ्याला हात लावत नसे.

त्यांनी काठावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. पदराच्या गाठीतून कागदाची पुडी सोडली आणि पांढरी पूड पाण्यावर सगळीकडे भुरभुरली. मग हात जोडून डोळे मिटले. साळू तापानं फणफणली होती, आणि म्हातारी तिला शेजारणीच्या स्वाधीन करून गावाच्या पाण्यासाठी आली होती.

डॉक्टरबाईंनी जवळ जाऊन विचारलं, तुम्ही रोज औषध टाकता का? मुक्ताबाई दचकल्या नाहीत, की ओशाळल्या नाहीत. उलट, कुणीतरी विचारलं याचं त्यांना बरंच वाटलं.

"टाकते की. हिरीला पानी हुतं तवा सरकारी मान्सं येऊन पांढरी पूड टाकायची. मीच बादली धरायची. म्हनायची, मावशी, औषद टाकलं की पान्यातले किडे मरत्यात. हीर आटली, आन मंग कुनी आलंच न्हाई. माजी लेक गेली. मी म्हनलं, मान्साच्या पोटातला ताप ज्या औषदानं मरतोय, त्यानं पान्यातला मरंल न्हवं? मच्छिंद्राला इचारलं अस्तं तर पोरगा नाय म्हनला नसता, पन त्याच्या नोकरीला घोर कशापायी लावायचा. आप्लं आपून करायचं."

मग त्या एकदम म्हणाल्या, "मी चोरी केली, सायेब. मला न्या. पन साळूला बरं वाटूंद्या मंग न्या."

मी डॉक्टरबाईंकडे बघितलं. मला वाटत होतं, सांगावं. हिला आत्ता, इथं, उघड उघड सांगावं, की बाई, बन्सी आणि बाकीचे तुझ्या या चिमटीनं गेले. कठोर वाटलं तरी सांगावं, कारण अर्धवट सांगितलेल्या गोष्टीनं काय होतं ते मी नोकरीत बघितलं होतं. आम्ही दोघं दूर जाऊन बोललो. बाईंचा चष्मा ओला झाला होता.

"सांगून काय होईल?" त्या म्हणाल्या. "ती आज रात्री जीव देईल. नाही दिला तर गाव घेईल. ज्यांनी निरपराध पोराचा कान फोडला ते हिचं काय करतील? आणि घरी ती पोर पडलीय. तिला कोण बघणार?"

मी म्हटलं, मग हिला थांबवणार कसं?

बाई परत गेल्या. मुक्ताबाईंचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, की हे पोटात घ्यायचं औषध आहे. पाण्यात टाकलं तर वाया जातं. पुन्हा टाकू नका. हा झिरा खराब झालाय, तो बुजवायचा, आणि गावाला टँकर येईल. मुक्ताबाईंनी मान डोलावली. औषध वाया गेलं याची त्यांना हळहळ वाटली, तेवढीच.

६

साळूसाठी दुसरं औषध होतं. नवी कॅप्सूल, तेव्हा फक्त पुण्यात मिळायची. बाईंनी ती स्वतः जाऊन आणली. पोरीला पहिल्या कॅप्सूलपासूनच गुण येत गेला आणि तिसऱ्या सकाळी तिनं भाकरी मागितली. वरच्या आळीतल्या बाकीच्या तापकऱ्यांनाही तीच दिली. झिरा आम्ही बुजवला. गावाला सांगितलं, कंपाउंडर निर्दोष आहे, वाळूतल्या जंतूंचा दोष. आप्पासाहेबांनी मच्छिंद्रच्या हातात मानाचा नारळ ठेवून पंचांदेखत माफी मागितली. पण त्याच्या डाव्या कानाला ऐकू यायचं ते गेलंच होतं. तो त्या गावात परत पाऊल टाकायला तयार नव्हता, आणि त्यानं देवळाली प्रवरेकडे बदली मागून घेतली.

त्यामुळे साळूच्या उरलेल्या कॅप्सूल मुक्ताबाईंच्याच हातात दिल्या. दुसरं होतं कोण? बाईंनी बजावून सांगितलं, की ताप उतरला तरी शेवटची संपेपर्यंत द्यायच्या. निघताना साळूनं मला भातुकलीतला एक पेला दिला. मी तो खिशात टाकला.

पुढचे दोन महिने मी दंगे, चोऱ्या आणि रेशनवरच्या मारामाऱ्या निस्तरत होतो. जांभूळदऱ्याला गेलो तो कुणीतरी टँकर अडवला म्हणून तक्रार होती तेव्हा. गेल्यावर कळलं की अडवायला टँकर होताच कुठं? सुरुवातीला चार वेळा आला, मग रस्ता खराब म्हणून बंद झाला. लोकांनी नदीत आणखी वरच्या अंगाला नवा झिरा खणला होता.

मी नदीत उतरलो. मुक्ताबाई झिऱ्याच्या काठी बसल्या होत्या. हळदकुंकू ताजं होतं. मी साळूची चौकशी केली, आणि त्यांनी हातानंच नदीच्या पलीकडचा, दगड रचलेला उंचवटा दाखवला.

ताप उलटला होता. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. पोरगी उठून खेळायला लागली, म्हणून त्यांनी उरलेल्या नव्या कॅप्सूल बाजूला ठेवल्या. नवा झिरा खणला होता आणि त्याला औषध नव्हतं. बऱ्या झालेल्या पोरीच्या पोटात चांगलं औषध कशाला घालवायचं, आणि तिकडे सगळ्या आळीची पोरं पाणी पिणार. आळीतल्या इतरांनाही त्यांनी तेच सांगितलं, आणि ज्यांचे ताप उतरले होते त्यांनीही आपापल्या उरलेल्या कॅप्सूल आणून दिल्या. मग साळूचा ताप परत आला तेव्हा तिच्या वाटच्या पुड्या झिऱ्यात गेलेल्या होत्या, आणि इतरांनी दिलेल्या त्यांनी झिऱ्यासाठीच राखल्या.

"एकीला वाचवू का समद्यांस्नी, असं झालं, सायेब," त्या म्हणाल्या. "डाक्तरीनबाई म्हनल्या हुत्या, वाया जातं. त्या लई शिकलेल्या. पन मी इचार केला, वाया जाईल कसं?"

मला तेव्हा सगळं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण नदीपलीकडचे ते दगड दिसत होते, आणि ही बाई त्यांच्यासमोर रोज पहाटे येऊन बसत होती ते याच एका विश्वासावर. तो काढून घेतला तर तिच्यापाशी काय उरणार होतं? आणि नाही काढला, तर ही आळी किती दिवस उरणार होती? साळूला दाखवायला म्हणून आणलेला तो पेला खिशात होता. घामानं विरघळून बोटांना चिकटत होता.

त्यांनी वाटी झिऱ्यात बुडवली, पदरानं गाळून माझ्यापुढे धरली. उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं बोलत उभं ठेवायचं नसतं. गूळ नव्हता, त्याबद्दल त्या दिलगीर होत्या. मी घोट घेतला. तो घशाशी जाऊन बसला आणि मला ओळखीचा वाटला.

मुक्ताबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कडू लागतंय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडंसं समाधान दिसलं. "मंग वाया न्हाई गेलं, सायेब. पन आता सरत आलंय. बाईंस्नी सांगा, आनखी पाठवा म्हनावं."